पुस्तकं ठरेपर्यंत

कॅनडातल्या सडबरीच्या जोझेटला डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रवेश परीक्षा सप्टेंबरात होती. चुकीच्या पुस्तकापायी वर्ष वाया जायला नको, म्हणून मे महिन्यापासून ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पुस्तकांचे रिव्ह्यूच वाचत बसली. कोण मनापासून लिहितंय, कोण माल खपवायला बसलंय आणि कोण स्वतः नापास होऊन पुस्तकावर राग काढतंय, हे तिला दोन ओळींत कळायला लागलं.

"अगं, हे घर घेताना तुझ्या बाबांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती," आई म्हणाली.

"म्हणूनच तळघरात पाणी येतं," जोझेट म्हणाली.

ऑगस्ट संपता संपता एकदाची पुस्तकं ठरली, घरी आली, आणि खोकं फोडायच्या आत परीक्षाच येऊन उभी राहिली.

निकाल लागला. विज्ञानाच्या पेपरांत जोझेट सपशेल आपटली होती. पण उतारा वाचून लेखकाच्या मनात नेमकं काय आहे ते ओळखायचं, असा जो पेपर असतो, ज्याला भले भले टरकतात, त्यात मात्र तिला जवळजवळ पैकीच्या पैकी!

पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारा शेजारचा वेंडेल धावतच आला. "जोझेट, खरं सांग, या पेपरला कुठलं पुस्तक वाचलंस?"




"पुस्तक कसलं डोंबलाचं! उन्हाळाभर रिव्ह्यू वाचले," जोझेट म्हणाली आणि न फोडलेल्या खोक्यावर तिने हलकेच थाप मारली, "ही मात्र फार चांगली आहेत म्हणे."