भारीतलं इंजेक्शन

कमळच्या खाटेला दुपारी पुन्हा बाटली लागली आणि बजाबाईच्या पोटात दुखायला लागलं.

दोघी सख्ख्या जावा. करमाळ्याहून एकाच गाडीत बसून सोलापूरच्या दवाखान्यात आलेल्या. दोघींना तीच थंडी, तोच ताप, लघवीला तीच आग. पण कमळला बाटलीतून भारीतलं इंजेक्शन, आणि बजाबाईला दिवसाला दोन पांढऱ्या गोळ्या. त्याही आपल्या आपण गिळायच्या!

हे नेहमीचंच होतं. कमळच्या इंद्रजीतचं बारा वर्षांपासून गावात मेडिकल. आईला नुसती शिंक आली तरी पोरगा जोरकस अँटिबायोटिक घेऊन हजर. एका दिवसात बरं वाटलं, की कमळ उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायची आणि पुढच्या तापाला त्यातलीच एखादी काढून खायची. डबाही ठेवायची असा, की आल्यागेल्याला दिसावा. बजाबाईच्या मानसिंगनं आजवर आईला आणलं काय, तर सुंठ. बारा वर्षं ती हे मनात धरून होती.

नर्स अक्षता गोळी घेऊन आली, तशी बजाबाई फणकारली, "मला का ह्या असल्या गोळ्या? आमी काय वाऱ्यावर पडलोय? तिला लावलंय ते मला बी लाव की!"

अक्षतानं तपासणीचे दोन कागद तिच्यापुढे धरले. "आजी, औषधांचीपण घराणी असतात. हे पेनिसिलिनचं, हे सेफिक्झिमचं, हे सिप्रोचं. तुमच्या जंतूंवर सगळी चालतात, म्हणून साधी गोळी पुरते." दुसऱ्या, कमळच्या कागदावर डॉक्टरांनी लाल पेनानं फुल्याच फुल्या मारल्या होत्या. अक्षतानं आवाज खाली आणला. "त्यांच्या जंतूंना सगळी सवयीची झालीत. बाटलीतलं हे एकच उरलंय. तेही कितपत लागू पडतंय, उद्या कळेल."

बजाबाई गोळी हातात घेऊन बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वाट्याला कमळपेक्षा जास्त आलं होतं, आणि तिला ते नको झालं.

कमळनं डोळे उघडले. तिची नजर बजाबाईच्या तळहातावर होती.

"अक्का, तुमाला नुसत्या गोळीनं ताप उतरला व्हय?"

तो सूर बजाबाईनं बरोबर ओळखला. बारा वर्षं तो तिचाच होता. तिनं मूठ मिटली, भिंतीकडं तोंड केलं आणि पदराआड गोळी गिळून टाकली.