बाहेरचं बाकडं

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर सांगलीच्या डॉक्टरांनी जोतिबाला दोन उपाय सांगितले: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढायची. जोतिबा तोंड उघडतोय तोवर त्याची बायको अंबूबाई बोलून मोकळी झाली.

“ह्यांस्नी काय इचारताय? काढूनच टाका. पोरंबाळं झाली, आता काय करायचंय ठिवून?”

जोतिबा पांढराफटक पडला. “अगं ए! अंग माझं हाय, मला इचार की!”

“माझी पिशवी काढली तवा तुमी ह्याच खुर्चीत बसून ह्येच बोलला हुता. मी भायेर बाकड्यावर ऐकत हुते.”

मग तिनं टेबलावरचा संमतीचा कागद त्याच्यापुढं सरकवला.

“घ्या, तुमचं तुमी ठरवा. मला कुणी आत बी बोलावलं न्हवतं.”