पाहुण्यांचं पान

"आई, मॅचच्या आधी मटण?" पंचशीलाने विचारलं.

"पाहुणे आहेत," इंदूबाई म्हणाली आणि पातेल्यात आणखी एक पळी तेल सोडलं.

सासू अशी तुटक बोलली की पुढे विचारण्यात अर्थ नसतो, हे सुनेला ठाऊक होतं. ती गुपचूप भाकऱ्या थापायला बसली.

मोरव्यात फुटबॉल खेळायला आलेला संघ उपाशी मैदानात उतरत नाही, ही तात्यारावांची रीत. इंदूबाईचा नवरा जालन्याहून भाईंदरच्या या मोरव्यात आला, पोरं जमवली, 'समता मोरवा' क्लब काढला, तेव्हापासूनची. पाहुण्यांचं जेवण इंदूबाईच्या हातचं. पण एरवी मुगाची खिचडी आणि केळं, पळणाऱ्याला जड होऊ नये म्हणून. तात्याराव गेले, रीत राहिली. क्लब मात्र घरचा राहिला नाही.

क्लब शेठचा झाला होता. या शेठला नाद कसला, तर क्लब घ्यायचा. लोक कबुतरं पाळतात, हा संघ पाळायचा. मीरा रोडचा मोठा क्लब त्याचाच, वरच्या लीगमध्ये खेळणारा. मग त्याने डोंगरीचा 'दर्या' घेतला, मग मोरव्याचा 'समता'. मैदान तरी वाचेल म्हणून मुलाने, जीवनने सही केली आणि त्या दिवसापासून बापाच्या फोटोकडे बघणं सोडलं. आता दोन्ही संघांच्या छातीवर शेठच्या टाइल्सचं नाव. दोघांची मॅच लागली की वाटायचं, एकच बाथरूम स्वतःशी भांडतंय.

गेल्या आठवड्यात शेठचा मॅनेजर अनिश येऊन सांगून गेला. "फायनल तुमच्या दोघांचीच आहे. जिंकेल तो नियमाने वरच्या लीगमध्ये जाईल. पण फायनलनंतर शेठ दोघांतला एकच क्लब ठेवणार, दुसरा बंद. डिसीजन झालाय, भाऊ."

जीवनने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं तरी काय? हरेल तो मेला. तेव्हापासून तो ताटावर नुसता बसून उठत होता.

"दर्यावाले भारी आहेत गं आई. आपण संपलो."

क्लबपायी त्याने कंपनीतली नोकरी सोडली होती. त्या पोरांना शिकवण्यापलीकडे त्याला जगात काही नव्हतं. हेही गेलं तर हा काय करून घेईल, याची इंदूबाईला धास्ती होती. मैदानात उतरून तिला गोल मारता येणार नव्हता. स्वयंपाक येत होता.

दुपारी डोंगरीची पोरं आली. पुढे त्यांचा कोच दशरथ, काळासावळा, ओढलेल्या चेहऱ्याचा. दारातच त्याने वास घेतला. पातेल्याकडे पाहिलं, मग इंदूबाईकडे.

"आज खिचडी न्हाय, मावशी?"

"फायनल आहे ना," ती म्हणाली. नजर मात्र तिने वर उचलली नाही.

दशरथने पुन्हा एकदा पातेल्याकडे पाहिलं. मग पोरांकडे वळून म्हणाला, "बसा रे. पोटभर जेवा. मावशी वाढेल त्याला न्हाय म्हणू नका."

आणि पोरं जेवली. मटणाचा रस्सा, भाकरी, त्यावर भात, त्यावर तुपाने थबथबलेला शिरा. इंदूबाई वाढत होती आणि आतून जळत होती. कुणाची तरी लेकरं ती. त्यांना प्रेमाने आग्रह करून मारतेय मी, असं तिला वाटलं. पण एकही पोरगा पुरे म्हणेना! बारीकसा गोलकीपर तर घामाघूम झाला होता, तरी पान पुढे करत होता.

"वाढा, मावशी."

दशरथने स्वतः दोन घास खाल्ले आणि हात धुतला. "मला खेळायचं न्हाय," म्हणाला.

मॅच कसली, तमाशा झाला. दर्याची पोरं धावायची, थांबायची, कुशी धरायची. हाफटाइमच्या आत समताचे दोन गोल, नंतर आणखी एक. शिट्टी वाजली आणि मोरव्याच्या पोरांनी जीवनला खांद्यावर घेतलं. किती दिवसांनी तो हसला. कडेला उभ्या इंदूबाईने पदर तोंडाला लावला. चालेल, ती मनात म्हणाली, हे पाप माझ्या माथी चालेल.

अनिश फोन कानाला लावून आला. जीवनला खाली उतरवेपर्यंत थांबला.

"छान खेळलात. शेठने अभिनंदन सांगितलंय. आणि क्लब आजपासून बंद."

"अहो, जिंकलोय आम्ही!"

"म्हणूनच ना, भाऊ. जिंकलात म्हणजे वर जाणार. वर शेठचा मीरा रोडचा क्लब आहे. एका मालकाचे दोन संघ एका लीगमध्ये चालत नाहीत. तुम्हाला दुसऱ्याला विकून शेठ स्वतःसमोरच पैलवान उभा करेल का? खाली हरलेला दर्या राहतोय, त्याची काही अडचण नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही." अनिश गाडीकडे चालायला लागला.

जीवन मैदानात खाली बसला. इंदूबाईला त्याच्याजवळ जायचं होतं. ती होती तिथेच कडेला उभी राहिली.

डोंगरीची पोरं बसमध्ये चढत होती, काही रडत होती. दशरथ मात्र मागे फिरला. तिच्यासमोर आला आणि वाकून तिच्या पायांना हात लावला.

"मी मॅनेजरला विचारलं होतं, मावशी, कुणाला ठेवणार ते," तो खालमानेने म्हणाला. "पण हरा म्हटलं असतं तर पोरांनी ऐकलं नसतं. म्हणून तुमचं पातेलं बघितलं आणि नुसतं एवढंच सांगितलं, की मावशी वाढेल त्याला न्हाय म्हणू नका."