नितळ पाणी

क्लोरीनने पोरांचे डोळे चुरचुरतात, असं सुनेने एकदा सांगितलं आणि नातवंडांचं येणंच थांबलं. तात्यांनी ते फारच मनाला लावून घेतलं. गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टबात क्लोरीन टाकणं त्यांनी बंद केलं. त्याऐवजी पाणी शुद्ध ठेवणारी चांदी-तांब्याची कांडी आणली, ओझोनचं यंत्र बसवलं, गाळणी रोज स्वतःच्या हाताने धुवायला लागले.

पाणी तपासायला येणारा मेकॅनिक दर वेळी थक्क व्हायचा. "क्लोरीनशिवाय इतकं नितळ? मानलं बुवा तुम्हाला!"

"अरे, पण उतरतंय कोण त्यात!" असं म्हणून तात्या हसण्यावारी न्यायचे आणि झाकण ओढून घ्यायचे.

या खेपेला मात्र मेकॅनिकने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. पाणी गढूळ झालं होतं, कडेने फेस साचला होता. गाळणीत केसांचा गुंता होता आणि त्यात कार्टूनचं चित्र असलेली बँडेजची पट्टी अडकली होती.

"तात्या, तुमच्या नैसर्गिक उपायांनी दगा दिला की हो!"

"रविवारी पोरं आली होती. दुपारभर नुसती डुंबत होती. चहाच्या वेळेला गेलीसुद्धा."

"हात्तिच्या, एवढंच ना? सगळं पाणी सोडून देतो, टब घासून चकाचक करतो." मेकॅनिक तोटी उघडायला खाली वाकला.



तात्यांनी घाईघाईने तोटीवर हात ठेवला. "राहू दे रे अजून थोडे दिवस. नितळ पाणी काय, एरवी बघतोच आहे मी."