पाणी जातंय कुठं?

जनरेटरच्या फळीवरचा, इंजिन तापल्याचा लाल दिवा पुन्हा लागला. भुजंगनं इंजिन बंद केलं अन् सवयीनं बादली उचलली.

"राहू द्या," मालक माणिकराव म्हणाले. "किती दिवस पाणी ओतत बसायचं? नागनाथरावांना बघू द्या."

चौदा वर्षं ह्या कापसाच्या जिनिंगचं इंजिन भुजंगनं सांभाळलं होतं. त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. नागनाथ आयटीआय शिकून परभणीहून आला, त्याला अजून महिना व्हायचा होता.

वीज आजही सकाळपासून गेलेली. कापसाच्या गाड्यांची रांग पार पिंगळीच्या सडकेला लागली होती. तीन दिवस हेच चाललेलं: रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की दिवा विझायचा, तासाभरात पुन्हा लागायचा. खाली मात्र थेंब सापडत नव्हता.

नागनाथचा हात रेडिएटरच्या झाकणाकडं गेला. आत पाणी उकळत होतं. झाकण फिरवलं की तोंडावरच येणार. भुजंगच्या ओठांपर्यंत शब्द आला. त्यानं तो गिळला. पोळू दे. एकदा पोळलं की कळंल, इंजिन काय असतंय.

झाकणाची धग लागताच नागनाथनं हात मागं घेतला. "अर्धा तास निवू द्यावं लागंल, मालक."

निवल्यावर त्यानं आधी तेलाची कांडी काढून बघितली. तेलात पाणी नव्हतं, म्हणजे ते इंजिनच्या आत जात नव्हतं. मग तो जमिनीवर उताणा झाला अन् खालच्या रबरी पाइपच्या पोटावरून बोट फिरवत गेला. एका जागी थांबला. केसाएवढी चीर होती. इंजिन तापलं की उघडायची, पाणी वाफ होऊन उडून जायचं. निवलं की पुन्हा मिटायची.

कोठीतला दुसरा पाइप बसवला, पाणी भरलं. जनरेटर धडधडायला लागला. तास उलटून गेला, दिवा लागला नाही. बाहेर गाडीवाल्यांनी एकच गिल्ला केला.

"शाब्बास!" मालक नागनाथच्या कानाशी ओरडले.

"भुजंगमामांनीच सांगितलं हुतं," नागनाथही ओरडून म्हणाला, "खालून पाइप बघ म्हणून."

मालकांनी भुजंगच्या खांद्यावर थाप मारली. भुजंगचा चेहरा उतरला.

"मालक, मी काईबी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मी ह्याचा हात पोळायची वाट बघायलो हुतो."

त्या धडधडाटात मालकांना काही ऐकू गेलं नाही. ते हसत, मान डोलवत गाड्यांकडं निघाले.

नागनाथ शेजारीच उभा होता. पाना पुसता पुसता त्याचा हात थांबला.