दोन्ही पाय हवेत

गुनिलाने शेवटच्या मिनिटाला गोल केला आणि ब्यर्कोस गावाचा संघ एक-शून्य असा जिंकला. पण हा गोल झालाच नाही असं धरून चालायचं ठरलंय, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. या मैदानावर चालण्यापलीकडे काही करायला तशी परवानगीही नाही.

हा चालायचा फुटबॉल. खेळणारे सगळे साठीच्या पुढचे आणि नियम साधा: कुठल्याही क्षणी एक तरी पाय जमिनीला टेकलेला पाहिजे. दोन्ही पाय हवेत गेले की ते धावणं झालं, आणि धावणं म्हणजे फाउल.

रूनेची शिट्टी वाजली तेव्हा चेंडू जाळ्यात होता आणि गुनिलाचे दोन्ही हात आभाळात.

"धावलीस," रूने म्हणाला. तो निवृत्त दंतवैद्य. वाईट बातमी हळू आवाजात द्यायची त्याला सवय होती.

"मी? मी भरभर चालले."

"दोन्ही पाय हवेत होते, गुनिला. मी बघितलं."

"जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलंस. पायांकडे कधीपासून बघायला लागलास?"

सगळे हसले. गुनिला हसली नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय संघात नऊ नंबरची जर्सी घालून तिने बरीच वर्षं गोल ठोकले होते, आणि गोल नाकारला की पंचाच्या अंगावर धावून जायची तिची जुनी खोड होती. आता अंगावर चालत जावं लागलं. त्यामुळे पोचेपर्यंत अर्धा राग उतरला.

त्यात डावा गुडघा धातूचा. गेल्या हिवाळ्यात तो बसवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चाल, पोह, सायकल मार, धावणं मात्र विसर. तेव्हापासून डोळ्यांदेखत बस निघाली तरी गुनिला जिथल्या तिथे उभी राहायची आणि ती बस आपल्याला नकोच होती असा चेहरा करायची. चेहरा कुणालाही पटत नसे. ड्रायव्हरला तर मुळीच नाही.

वाद मिटेना, तेव्हा रीतीप्रमाणे सभा भरली. मध्यरेषेवर कॉफीचा थर्मास आला, दालचिनीचे बन आले. शिट्टी रूनेकडे होती म्हणून अध्यक्षही तोच झाला. इतिवृत्त लिहायला गोलकीपर टोर्स्टेनला बसवलं, कारण त्याचे हातमोजे काढून झाले होते.

"एवढं काय ताणायचं?" टोर्स्टेन म्हणाला. "गुडघा नवा आहे तिचा. त्याला अजून नियम माहीत नाहीत. गोल देऊन टाका."

"आमची हरकत नाही," तळ्यापलीकडच्या पाहुण्या संघाचा कप्तान बन चावत म्हणाला. "बिचारीला कसलं धावता येतंय!"

गुनिलाचा बन तोंडाशीच थांबला.

"म्हणजे सभेच्या मते गुनिला चालली," रूनेने समारोप केला. "तेव्हा गोल धरायचा. चालेल?"

"चालेल, चालेल," सगळे म्हणाले.

"नाही चालणार."

हा आवाज माय-ब्रिटचा. ती पाहुण्यांची स्टॉपर, आणि कॉफी न घेता एकटीच चेंडूवर बसली होती. ऐन उमेदीत, दोघी आपापल्या क्लबांकडून खेळायच्या तेव्हा, प्रत्येक सामन्यात गुनिलाला अडवायचं काम तिच्याकडेच असायचं.

"ती धावली," माय-ब्रिट म्हणाली.

"तू हेच म्हणणार," टोर्स्टेन म्हणाला. "गोल तुमच्यावर चढलाय ना."

"गोल गेला खड्ड्यात. अर्धं आयुष्य या बाईच्या मागे पळण्यात गेलं माझं. तोंड तिचं मला अजून धड ओळखू येत नाही, पण पाठ झोपेतसुद्धा ओळखीन. चालत असली की दोन्ही खांदे सरळ असतात. पळायला लागली की डावा खाली जातो. आज गेला."

एक बदक सीमारेषा ओलांडून आत आलं. त्याचा तरी एक पाय सतत जमिनीवर होता.

"नक्की गेला?" गुनिलाने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"नक्की. दोन पावलं. तिसऱ्याला मीच अडखळले, तेव्हा त्याचं सांगत नाही."

गुनिलाने बन खाली ठेवला आणि ती उठून उभी राहिली.

"गोल मागे घ्या."

"अगं, आत्ताच मंजूर झाला," रूने म्हणाला.

"नामंजूर करा. मी धावले. पंचाने बघितलं, स्टॉपरने बघितलं. मला माझा फाउल पाहिजे. आणि पिवळं कार्ड."

"चालायच्या फुटबॉलला कार्ड नसतं, गुनिला."

"मग दवाखान्याचं दे. पण मला पाहिजे म्हणजे पाहिजे."

रूनेने खिसे चाचपले. शेवटी बनाखालचा पिवळा कागदी रुमाल ओढून त्याने हात उंच करून धरला. रुमालावरची साखर त्याच्या टकलावर सांडली. गुनिलाने त्या रुमालाकडे असं बघितलं, की पाहुण्यांच्या कप्तानाने आपोआप टोपी काढली.

"आणि टोर्स्टेन, एक ठराव लिही," ती म्हणाली.

"अनुमोदन," ठराव ऐकायच्या आधीच माय-ब्रिट म्हणाली.

टोर्स्टेनने पेन झटकलं. गुनिलाने डावा खांदा खाली झुकवला आणि मजकूर सांगितला:

"राष्ट्रीय निवड समितीस विनंती करण्यात येते की, श्रीमती गुनिला नोरबम यांची निवृत्ती आजच्या फाउलमुळे रद्द समजण्यात यावी, आणि याबाबत निर्णय होईपर्यंत नऊ नंबरची जर्सी कोणासही देण्यात येऊ नये."