सात हजारांची रायफल

"ही नका घेऊ, अक्साकाल, वडीलधारे आहात म्हणून सांगतो," मेलिस म्हणाला. "सरपणाला हवी असेल तर गोष्ट वेगळी."

कासिमालीने तरीही ती तिसरी रायफल उचललीच. दस्त्याला चीर गेलेली, वर तार गुंडाळलेली.

मेलिसचं बंदुकांचं दुकान नारिनच्या बाजारात, मटणवाल्यांच्या रांगेच्या तोंडाशीच होतं. दारातून तपासणीची डॉक्टरीणबाई दिसत होती. टांगलेल्या मांसावर जांभळे शिक्के मारत ती रांगेतून पुढे सरकत होती.

"आणलेत किती?"

"चौदा हजार सोम."

"मग ही दुसरी घ्या की! साडेबारा. वापरलेली आहे, पण नळी बघा, एक डाग नाही. बेताचे पैसे असले ना, की सगळे नळीत घालावेत. लाकूड काय, गावचा सुतारही बदलून देईल. नळी कोण बदलणार?"

बोलणं खरं होतं. कासिमालीने दुसरी रायफल घेतली, बोल्ट मागे ओढून बाहेर काढला आणि नळी उजेडाकडे धरली. चाळीस वर्षं बंदूक वागवलेले हात, ते काही विसरले नव्हते. डोळ्यांनी मात्र दगा दिला होता. नळीत त्याला नुसतं धुकं दिसलं.

"चांगली आहे," असं म्हणून त्याने ती खाली ठेवली. "आणि या तारवालीचे?"

"सात. पण खरं सांगू? हिची स्प्रिंग मेलीय. तीनदा घोडा ओढाल तेव्हा एकदा उडेल, आणि गोळी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक."

"पट्टा मजबूत आहे का?"

"पट्टा? अहो, पट्ट्याने मारणार का शिकार?" मेलिस हसत सुटला. तरी त्याने खणातून एक नवा कातडी पट्टा काढून बसवून दिला, फुकट.

कासिमालीने रायफल खांद्याला अडकवली आणि तो काचेच्या कपाटासमोर एका अंगाला वळून उभा राहिला. पट्टा दोन भोकं वर घेतला, तशी नळी टोपीच्या वर आली.

"नवरदेव कुठला!" मेलिस म्हणाला. "बरं, काडतुसं किती देऊ?"

"आहेत घरी जुनी."

"मग उरलेल्या सात हजारांचं काय करणार, लोणचं? अजून ऐका माझं, दुसरी न्या."

"त्यांचं वेगळं काम आहे," म्हणत कासिमालीने परवान्याचा कागद पुढे सरकवला.

चार वर्षांपूर्वी अनारकुलच्या औषधपाण्यासाठी त्याने आपली रायफल विकली होती. रायफलही गेली आणि बायकोही गेली. चाळिसाव्याचं जेवण झालं आणि फाटक जे लागलं ते लागलंच. पूर्वी तो डोंगरातून उतरला की पहिल्या घरापासून हाक यायची, "शिराल्गा!" शिकारीहून परतणाऱ्याला ही हाक घातली की त्याने वाटा द्यायचाच, आणि घेणाऱ्याने तोंडभर आशीर्वाद देऊन त्याला थांबवून घ्यायचं. सगळी गल्ली गोळा व्हायची. आता बोलायला घोडा तेवढा होता, आणि तोही ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. गेल्या हिवाळ्यात कासिमाली नऊ दिवस तापाने पडून होता, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. राग नव्हता त्याला. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. मरायच्या आधी एकदा तरी ती हाक कानावर पडावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

बाजारातलं काम उरकून तो दुपारच्या गाडीने गावी परतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो निघाला. घोड्यावर घोंगडीखाली झाकलेल्या खोगीरपिशव्या, खांद्यावर रायफल. मागच्या बाजूची वाट जवळची होती, पण त्याने घोडा गल्लीच्या मधोमध घातला, अगदी सावकाश.

शेजारची बुरुल गाईची धार काढून येत होती. बादली हातातच राहिली तिच्या.

"अगं बाई! आबा, हे काय या वयात?"

"रानबोकड खाली उतरलेत म्हणतात."

"दिसतं का पण तुम्हाला?"

"बोकड केवढा असतो! तेवढं दिसतं."

"पडाल कुठेतरी दरीत, आणि आम्हाला शोधत फिरावं लागेल!"

आपल्याला शोधत कुणी फिरेल, या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की पहिल्या चढापर्यंत तो एकटाच हसत होता.

वर झऱ्यापाशी त्याने घोडा बांधला आणि चहा काढला. रोटीचे दोन तुकडे केले. एक अनारकुलचा, जुनी सवय. दुपारी समोरच्या उतारावर दगड घरंगळले. घोड्याने कान टवकारले. करड्या अंगाचं काहीतरी हललं, तीन असतील, चार असतील. कासिमालीने रायफल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. तो श्वास रोखून बसून राहिला.

उन्हं कलायच्या आत तो उतरला. खोगीरपिशव्या फुगून दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या.

पहिल्या फाटकापाशी बुरुलच उभी होती. तिने पिशव्या पाहिल्या, रायफल पाहिली, आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "शिराल्गा, आबा! शिराल्गा!"

मग काय! फाटकं धडाधड उघडली. म्हातारे आले, सुना आल्या, कुत्री आली. कासिमाली खाली उतरून सुरीने वाटे करू लागला.

"म्हाताऱ्याचा नेम आहे हो अजून!"

"शिंगं कुठायत, आबा?"

"वरच ठेवली. घोडा म्हातारा आहे माझ्यासारखाच, त्याला किती लादू?"

सगळे हसले. आशीर्वादांचा नुसता पाऊस पडला. पहिली हाक बुरुलची, म्हणून त्याने मागची आख्खी मांडी तिला दिली.

बुरुलने ती दोन्ही हातांनी घेतली. उलटी केली आणि थबकली. एकदा तिने मांडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग झटकन एप्रनचं टोक वर ओढून तिने मांस झाकलं.

"अजून गरम आहे गं बायांनो!" ती मोठ्याने म्हणाली. "आबा, हात धुवा नि आत या. आज जेवण आमच्याकडे. आणि पुढच्या शुक्रवारीही जायचं हं शिकारीला!"

एप्रनखाली, मांडीच्या पांढऱ्या चरबीवर, बाजारातल्या डॉक्टरीणबाईचा जांभळा शिक्का होता.